घरतांच्या पडवीतला आवाज

जयदास घरत बायकोच्या पहिल्या हाकेला कधी उठला नव्हता. दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसऱ्या हाकेला तो 'हां' म्हणायचा, आणि चौथी मारायची वेळ येईपर्यंत दर्शनाने ते काम स्वतःच उरकलेलं असायचं. लग्नाला वीस वर्षं होऊन गेल्यावर असली गोष्ट कुणी मनावर घेत नाही. म्हणूनच श्रावणातल्या त्या सकाळी पडवीतली डबी बोलली आणि जयदास पहिल्याच हाकेला खुर्चीतून उठला, तेव्हा दर्शनाची तव्यावरची भाकरी करपली.

"जयदास, पाणी उतरलंय. तलावाकडचं तोंड उघड."

तो उठला. रबरी बूट घातले. फावडं घेतलं. आणि बाहेर पडण्याआधी, हे दर्शनाने स्वैपाकघराच्या दारातून नीट पाहिलं, त्याने केसांवरून हात फिरवला.

आवाज हेमांगी म्हात्रेचा होता.

हेमांगी गावाच्या दुसऱ्या टोकाला, खाडीच्या वळणापाशी राहायची. तिची आई धवलारीण होती, म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन विधी पार पाडणारी बाई. आईच्या मागे बसून गाता गाता मुलीचा गळाही तसाच तयार झाला होता. खणखणीत, पण कर्कश नाही. लांबून आला तरी शेजारी बसून बोलल्यासारखा. जयदासचं लग्न आधी तिच्याशी ठरलं होतं. साखरपुडा झाला, मग मानपानावरून दोन्ही घरांचं बिनसलं, आणि पुढच्या लग्नसराईत दर्शना घरतांची सून होऊन आली. त्या लग्नात धवले गायला हेमांगीची आईच होती, कारण आसपासच्या गावांत दुसरी धवलारीण उरली नव्हती. मागे बसून साथ द्यायला मुलगी. दर्शना मान खाली घालून बसली होती. तिला चेहरा दिसला नाही, नुसता आवाज ऐकू आला, आणि तो तिला फार आवडला. तो कुणाचा हे तिला नंतर कळलं.

गावात जयदासच्या बरोबरीच्या सगळ्या बायका दर्शनाला वहिनी म्हणत. एकटी हेमांगी नावाने हाक मारायची. वहिनी म्हणायचं तर जयदासला भाऊ म्हणावं लागलं असतं. हे दर्शनाने कधी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण ती ते विसरलीही नाही.

आणि आता तोच आवाज तिच्या पडवीत, तिच्या खुंटीवर, तिच्या नवऱ्याला नावाने हाक मारत होता.

*

नारंगखार गावची शेती समुद्राकडून मागून घेतलेली. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भात, मध्ये माणसांनी घातलेला मातीचा बांध. बांधात उघाड्या, म्हणजे लाकडी दारं. ओहोटीला शेतातलं जास्तीचं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला दार बंद. हा बांध कुणा एकाचा नाही. सगळ्या गावाने मिळून तो राखायचा, त्या व्यवस्थेला जोळ म्हणतात. बांधाला खांड गेली, भगदाड पडलं, की ते पाहणाऱ्याने तिथेच उभं राहून हाळी द्यायची. ज्या घराला ऐकू येईल त्याने 'आले' म्हणून ओ द्यायची, आणि तीच हाळी पुढच्या घराला पोचवून फावडं घेऊन धावायचं. ओ न देणाऱ्या घराशी लोक बरेच दिवस बोलत नसत.

समुद्र आता दर्शनाच्या सासऱ्यांच्या काळापेक्षा वर आला होता, आणि तो वर आला त्यात थोडासा वाटा या भाताचाही होता. शेतात पाणी साचून राहिलं की चिखलात हवा शिरत नाही. हवेशिवाय जगणारे सूक्ष्म जीव तिथे वाढतात, कुजणारी मुळं आणि पानं खातात आणि मिथेन सोडतात. भाताची काडी आतून पोकळ असते. तो वायू तिच्यातून धुराड्यातून निघावा तसा वर येतो. शंभर वर्षांचा विचार केला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसहून अधिक पट ऊब धरून ठेवतो. उपाय साधा आहे. भात सतत बुडवून ठेवायचं नाही. पाणी जमिनीखाली वीतभर उतरू द्यायचं, चिखलाला श्वास घेऊ द्यायचा, मग पुन्हा भरायचं. मिथेन जवळपास निम्म्यावर येतो आणि पीक कमी होत नाही.

डोंगराकडच्या शेतांना एवढं पुरतं. खारजमिनीत मात्र खाली मीठ दबा धरून असतं. पाणी वेळेवर नाही भरलं, तर जसं वातीतून तेल चढतं तसा मातीतून खार वर चढतो आणि रोपं पिवळी पडतात. म्हणजे सुकवायचं तर आहे, पण जरा जास्त सुकलं की पीक गेलं. ही मधली नेमकी वेळ माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. म्हणून हवामानावर काम करणाऱ्या एका संस्थेने शेतोशेती खांब रोवले. खांबाच्या टोकाशी एक बारीक प्रकाशझोत फिरत असे. मिथेन त्यातला एक ठरावीक रंग गिळतो, किती गिळला त्यावरून शेत किती वायू सोडतंय ते कळतं. खांबाच्या पायथ्याशी पाण्याची पातळी आणि मीठ मोजणाऱ्या सळ्या. सगळं उन्हावर चालणारं.

पहिल्या वर्षी गोड्या पाण्याच्या तलावातून शेतात पाणी सोडायची तोंडंही यंत्रानेच उघडत. खाऱ्या हवेने मोटारी गंजल्या आणि उरलेल्यांत चिंबोऱ्यांनी, म्हणजे खाडीतल्या खेकड्यांनी, बिळं केली. तेव्हा ठरलं की मोजायचं यंत्राने आणि उघडायचं माणसाने. पण माणूस वेळेवर उठायला हवा. फोनवरच्या सूचना गावाने आठवड्याभरात बंद करून टाकल्या. मग डब्या आल्या.

डबीची गंमत अशी. गावातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने, राजीखुशीने, एक पान वाचून दाखवलं होतं. तेवढ्यावरून यंत्राला त्या आवाजात काहीही बोलता यायचं. प्रत्येक घरात ते थोडे थोडे दिवस एकेक आवाज लावून बघायचं. हाक गेल्यापासून पाण्याचं तोंड उघडेपर्यंत किती वेळ गेला ते खांबाला कळायचंच. ज्या आवाजाला घर सगळ्यात लवकर उठतं तो आवाज त्या घराला कायम. नातं, भांडण, जुनी सोयरीक यातलं काही यंत्राला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही पडली नाही.

*

"काय गो दर्शना," शेजारच्या बेबीकाकू कुंपणावरून म्हणाल्या, "सवत बोलते ना घरात? आमच्याकडं मेला शाळेतला जुना हेडमास्तर लावलाय. तो बोलला की तुझे काका विडी विझवून उभेच."

"मशीन आहे काकू ते."

"मशीनच गो. पण गळा काय गोड! बसल्या जागी लग्नाला आल्यासारखं वाटतं."

दर्शनाने वाळत घातलेली चादर पुन्हा एकदा झटकली, गरज नसताना.

संस्थेची केतकी त्याच आठवड्यात खांब तपासायला आली. तिशीतली मुलगी, चिखलाने माखलेले बूट दाराबाहेर काढून मगच आत येणारी. दर्शनाने तिला चहा दिला आणि इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर सहज विचारल्यासारखं विचारलं, "ह्या डबीत आवाज बदलता येतो का हो मॅडम?"

"येतो की. नोंदणी जयदासकाकांच्या नावावर आहे, त्यांनी एकदा सांगितलं की झालं."

"म्हणजे माझासुद्धा लावता येईल? मीही वाचलं होतं ना पान."

केतकीने हातातल्या पडद्यावर काहीतरी पाहिलं. "काकू, तुमचाच लावला होता आधी. घरचा माणूस म्हणून सुरुवात तिथूनच करतो आम्ही."

"मग?"

"प्रतिसाद... जरा कमी होता."

"किती कमी?"

"चहा छान झालाय हं," केतकी म्हणाली.

दर्शनाला ते दिवस आठवले. गेल्या पावसाळ्यात डबी थोडे दिवस तिच्याच आवाजात बोलायची आणि तिला हसू यायचं. जयदास डबीलाही 'हां' म्हणायचा आणि पेपर वाचत बसायचा. मीच जाऊन तोंड उघडायचे, तिला वाटलं. माझ्याच हाकेला मीच उठत होते.

संध्याकाळी तिने जयदासला सांगितलं, "तो आवाज बदलून घ्या."

"कुठला?"

"कुठला म्हणजे? एकच आहे घरात."

जयदास हसला. "अगो, मशीन आहे. काम होतंय ना वेळेवर? केतकी सांगत होती, वायू कमी करणाऱ्यांच्या यादीत आपला पट्टा खालून दुसरा होता, आता वरून पाचवा आलाय. कशाला हात लावायचा?"

"तुम्ही केस कशाला नीट करता जाताना?"

"कुठं?"

"शेतावर. चिखलात. कोण बघतंय तिथं, बगळे?"

जयदासने डोक्याला हात लावला, जणू ते केस आहेत हे त्याला आत्ताच कळत होतं. आणि आवाज काही त्याने बदलून घेतला नाही.

*

तेव्हा दर्शनाने दुसरा मार्ग धरला. डबीला बोलायची वेळच येऊ द्यायची नाही.

प्रत्येक शेतात भोकं पाडलेली एक नळी जमिनीत रोवलेली असते. तिच्यात डोकावलं की पाणी किती खाली गेलं ते दिसतं. दर्शना दिवस उजाडताच शेतावर जायची, दुपारी भांडी पडलेली ठेवून जायची. पाणी उतरत आलं, पण अजून पुरतं उतरलं नाही, अशा वेळी ती तोंड उघडून मोकळी. थोडं लवकर उघडलं तर मिथेन वाढतो, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती नळीपाशी उकिडवी बसून राहायची आणि शेवटच्या क्षणापर्यंत थांबायची. हळूहळू तिला त्या चिखलाचा स्वभावच कळून गेला. पूर्वेचा कोपरा आधी सुकतो, वारा खाडीकडून असला की पाणी भरभर उतरतं, ढगाळ दिवशी रेंगाळतं. पायाच्या तळव्याखाली चिखल कसा लागतो त्यावरून तिला सांगता यायचं.

बांधावरून जाणारी माणसं म्हणायची, "वहिनी, डबीपेक्षा तुम्हीच पुढं!" ती मान हलवायची. लोकांना वाटलं, हिला शेताची ओढ लागली. तिला ओढ कसली लागली होती ते तिचं तिला ठाऊक.

डबी गप्प झाली. एक आठवडा, मग दुसरा. घरतांचा पट्टा गावात पहिला आला. केतकीने येऊन अभिनंदन केलं आणि उत्साहाने म्हणाली, "बघा काकू, आवाजाची निवड किती अचूक ठरली! हा आवाज लावल्यापासून तुमच्या घराने एकदासुद्धा उशीर केलेला नाही."

दर्शनाने चहा टाकला नाही.

पण खरं दुखणं पुढेच होतं. त्या रात्री जेवताना जयदासने आमटीत भात कालवत, कुणाला उद्देशून नाही अशा सुरात म्हटलं, "बरेच दिवस बोलली नाही गो."

"कोण?"

"डबी." आणि मग घास तोंडाजवळ नेऊन, "बिघडली का काय?"

दर्शना उठली आणि उगाच मीठ आणायला आत गेली. मिठाची बरणी ताटाशेजारीच होती.

दुसऱ्या दिवशी जयदास खताच्या कामाला पेणला गेला. तो वळणापलीकडे दिसेनासा झाल्यावर तिने डबी खुंटीवरून काढली, आतल्या खोलीतल्या पत्र्याच्या कोठीचं झाकण उघडलं, आणि डबी बियाण्याच्या भातात कोपरापर्यंत हात घालून खोल पुरली. वर पुन्हा भात सारखं केलं, झाकण लावलं, झाकणावर पाटा ठेवला. आता बोल म्हणावं.

*

त्या दिवशी अमावास्येचं उधाण होतं. भात पोटरीला आलं होतं, म्हणजे लोंबी अजून पानाच्या पोटात, बाहेर डोकावायच्या बेतात. नेमका ह्याच दिवसांत खार चढला तर दाणा भरतच नाही. वरून हिरवंगार दिसतं आणि आत नुसती टरफलं.

दुपारी खाडीकडून वारा सुटला. दर्शना एकदा नळी बघून आली होती. पाणी अजून बरंच वर होतं, आज काही काम नव्हतं. ती आतल्या खोलीत गोधडी शिवत बसली. पाऊस सुरू झाला आणि पत्र्यावर वाजू लागला. त्या आवाजात तिला बारीक, दबलेला दुसरा आवाज ऐकू आला.

हेमांगीचा.

तिने सुई थांबवली. शब्द कळत नव्हते, पण गळा तोच. भातातून येतोय, तिला वाटलं. पुरली तरी बोलतेय. "बोंबल," ती मोठ्याने म्हणाली आणि टाके घालू लागली. आवाज पुन्हा आला, मग पुन्हा, प्रत्येक खेपेला आधीपेक्षा वरच्या पट्टीत, आणि दर्शना दर खेपेला दोरा आणखी करकचून ओढत राहिली. उठणार नाही. जयदास उठत असेल, मी नाही उठणार. माझ्या घरात, माझ्या बियाण्याच्या कोठीतून ही मला कामाला लावते?

शेवटी तिला राहवलं नाही. तिने पाटा उचलून बाजूला आपटला, झाकण काढलं आणि भातात हात खुपसला. डबी हाताला लागली. गार, मुकी. ऊन नाही, म्हणून तिच्यावरचा दिवाही विझलेला. दर्शना ती हातात घेऊन उभी होती तेव्हा हाक पुन्हा आली. खिडकीतून आली. आणि ह्या वेळी शब्द स्पष्ट होते.

"दर्शना! दर्शना गो!"

डबीने तिचं नाव कधीच घेतलं नव्हतं. नोंदणी जयदासची, डबी हाक मारायची ती जयदासला. ह्या गळ्यातून तिचं नाव घेणारं साऱ्या गावात एकच माणूस होतं.

"आले!" दर्शना ओरडली आणि अनवाणीच धावली.

बांधाला खांड गेली होती, घरतांच्या शेताच्या वरच्या अंगाला. चिंबोऱ्यांच्या बिळातून पाणी झिरपून झिरपून माती सुटली असावी. आता हातभर रुंद भगदाडातून गढूळ खारं पाणी उसळत होतं. आणि त्या भगदाडात, कंबरभर पाण्यात, पाठ लावून हेमांगी बसली होती. स्वतःच्या अंगाने तिने निम्मं पाणी अडवून धरलं होतं. फावडं हाताशी होतं, पण पाठ काढल्याशिवाय ते चालवता येत नव्हतं.

"मेले, किती हाका मारायच्या?" ती म्हणाली. "घसा फाटला माझा!"

दर्शनाने फावडं उचललं आणि ती बांधाच्या आतल्या अंगाची घट्ट माती कापून तिचे गोळे करून टाकू लागली. घरामागची पेंढ्याची भारी आणली, ती हेमांगीच्या पाठीमागे कोंबली, वर माती, वर पेंढा, वर माती. दोघी पायांनी चेपत होत्या. हेमांगीने मध्येच वर तोंड करून दोन लांब हाळ्या दिल्या. लांबून कुणीतरी ओ दिली आणि ती हाळी पुढे पुढे गेली. बेबीकाकूंचे यजमान फावडं घेऊन पोचले तोवर पाणी थांबलं होतं. शेताच्या वरच्या कोपऱ्यातली थोडी रोपं खाऱ्या पाण्यात उभी होती. बाकीचं शेत वाचलं होतं.

"तलावाचं तोंड उघडून गोड्या पाण्याने धुऊन काढा," बेबीकाकूंचे यजमान म्हणाले. "मी उघडतो. तुम्ही दोघी आधी कोरड्या व्हा. भुतं दिसताय."

दर्शनाचा श्वास आता कुठे बसत होता. "तू इथं कशी?" तिने विचारलं. "तुझं शेत तर वळणापलीकडं."

हेमांगी तिच्याकडे विचित्र नजरेने बघत राहिली. "तूच तर बोलावलंस."

*

हेमांगीच्या घरात दर्शना त्याआधी कधी गेली नव्हती. तिने मनात ते घर बरंच लख्ख, बरंच सुरेख करून ठेवलं होतं. प्रत्यक्षात ओट्यावर सकाळची भांडी तशीच होती, नवरा बंदरात कामाला म्हणून त्याचे कपडे खुर्चीवर न घडी करता पडलेले, आणि कोपऱ्यात छत गळत होतं तिथे पातेलं. दर्शनाने हे सगळं एका नजरेत टिपलं आणि तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

हेमांगीने तिला कोरडा गाऊन दिला. चहा ठेवला.

"मी बोलावलं म्हणजे काय?"

"तुझी डबी बंद होती ना? खांबाला मीठ लागलं, त्याने तुझ्या घरी हाक घातली, कुणी ओ दिली नाही. मग बांधावरच्या पुढच्या शेतवाल्यांना. ते लोक बाजाराला गेलेत. मग त्यांच्या पुढची मी."

"पण मी कशी—"

हेमांगीने चमच्याने चहा ढवळला, ढवळून झाला तरी ढवळत राहिली. तेवढ्यात भिंतीवरची डबी बोलली.

"हेमांगी, तुझ्या खालच्या तुकड्यात पाऊस साचलाय. ओहोटी लागली की उघाडीकडचं तोंड काढ."

सपाट, जरा नाकात, वाक्याच्या शेवटी खाली पडणारा आवाज. दर्शनाला तो ओळखायला क्षणभर लागला, कारण आपला आवाज आपल्याला असा कधी ऐकू येत नाही. आणि हेमांगी पातेलं तसंच टाकून, ओल्या केसांनी, दाराकडे निघालीसुद्धा होती.

"अगो, ओहोटीला वेळ आहे अजून."

हेमांगी थांबली. "सवय झालीय," ती म्हणाली, आणि मग हसलीच. "बारा जणांचे आवाज लावून बघितले म्हणे माझ्यासाठी. नवऱ्याचा, माझ्या भावाचा. मेल्या आईचा तर नव्हताच त्यांच्याकडं. मी कुणालाच हलले नाही. तुझा लागला आणि पहिल्या दिवसापासून उठते. केतकी म्हणाली, तुमची फार मैत्री असेल ना? मी म्हटलं, हो, फार."

"का उठतेस?"

"तू का नाही उठलीस मघाशी?"

दर्शनाने कपाकडे पाहिलं. कोठीतल्या भाताचं तिने सांगितलं नाही. पण तिच्या केसांत एक दाणा अडकला होता. हेमांगीने तो काढला, बोटांत फिरवून बघितला आणि काही न विचारता ओट्यावर ठेवला.

"माझ्या जागी आलीस ना तू," हेमांगी म्हणाली. "म्हटलं, हिला कधी म्हणायला मिळू नये की बरं झालं, ही आळशी बाई घरतांच्या घरात आली नाही. तुझा आवाज आला की वाटतं, तू दारात उभी राहून बघतेयस. मग बसवत नाही गो. भात माझं, आणि राखते तुझ्या भीतीने."

"आणि तो का उठतो?" हे विचारायचं दर्शनाने ठरवलं नव्हतं.

"कोण, जयदास?" हेमांगीने प्रथमच तिच्यासमोर ते नाव घेतलं. "का म्हणजे? ज्याने सोयरीक मोडली त्याला, जिची मोडली तिच्यासमोर आळशी दिसायला लाज नाही वाटणार? तुझी कशाला लाज बाळगेल तो? तुझ्यासमोर पाय पसरून बसतो, घोरतो. तुझं ऐकत नाही, कारण तुझ्यासमोर त्याला कुणी व्हावं लागत नाही." ती थांबली. "माझ्यासमोर मात्र माझा नवरासुद्धा पाय पसरत नाही. सुट्टीला येतो, पाहुण्यासारखा बसतो, पाहुण्यासारखा जातो."

बाहेर पाऊस ओसरला होता. दर्शनाने चहा संपवला. साखर कमी होती, पण तिने ते सांगितलं नाही.

ती निघाली तेव्हा हेमांगी दारापर्यंत आली. "केतकीला सांगून बदलून घेऊ का आवाज? तुझा माझ्याकडनं, माझा तुझ्याकडनं?"

दर्शना उंबऱ्यावर थांबली. इतके दिवस हेच तर हवं होतं. "नको," ती म्हणाली. "मग उठवेल कोण तुला?"

*

जयदास पेणहून परतला तेव्हा बांधाची हकिगत त्याला वाटेतच कळली होती. तो पडवीत आला, रिकाम्या खुंटीकडे बघितलं, मग बायकोकडे. दर्शना पायरीवर बसून वेणीतल्या आकड्याने डबीच्या जाळीत अडकलेले भाताचे कण एकेक करून उकरत होती.

"डबीत भात कसं शिरलं?" तो म्हणाला.

"उंदराने कोठीत नेली असेल."

जयदासला हे पटलं नाही. तो खुर्चीत बसला आणि त्याने पाय लांब केले. दर्शनाने त्या पायांकडे जरा वेळ पाहिलं. एका मोज्याला भोक, त्यातून भेगाळलेली टाच दिसणारी. हे असे पाय दुसऱ्या कुणी बघितले नव्हते.

तिने डबी पुसली आणि उन्हाच्या तिरिपेत धरली. दिवा लागला. जरा वेळाने आतून खरखर झाली, आणि मग तो गळा, तिच्या लग्नात तिला आवडलेला.

"जयदास, वरच्या कोपऱ्यातला खार उतरलाय. तलावाकडचं तोंड बंद कर."

जयदास सवयीने उठू लागला. हात केसांकडे गेला.

"तुम्ही बसा," दर्शना म्हणाली. तिने डबी खुंटीला अडकवली आणि साडीचा ओचा खोचला. "मी चाललेय."

मग खुंटीकडे तोंड करून, बांधापलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने तिने ओ दिली.

"आले गो, आले!"